चार लायसिन आणि एक शेपूट: केंद्रकात शिरणाऱ्या प्रथिनाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्यातल्या एका जैवविज्ञान प्रयोगशाळेतलं आहे. संस्थेचं, माणसांचं आणि प्रथिनाचं नाव इथे दिलेलं नाही, आणि प्रथिन ओळखता येऊ नये म्हणून एकदोन आकडे मागेपुढे केले आहेत. मी त्या प्रयोगशाळेतली नव्हते. मजल्याच्या टोकाला असलेली कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची खोली तेव्हा माझ्याकडे होती. त्यामुळे ज्याचं त्याचं संशोधन कुठे अडलंय ते आमच्या खोलीतल्या अंधारात आधी कळायचं, गाइडना नंतर.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होती. तिचं प्रथिन लहानखुरं, सुमारे २० किलोडाल्टनचं. आरएनएला चिकटणारं असावं असा अंदाज होता, पण ते पेशीत नेमकं कुठे वावरतं हे कोणी धड पाहिलेलं नव्हतं. तिने त्याच्या सुरुवातीच्या टोकाला हिरवं चमकणारं जीएफपी जोडलं, ते जनुक हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी) घातलं, म्हणजे ट्रान्सफेक्शन केलं, आणि दुसऱ्या दिवशी स्लाइड घेऊन आली. डीएनएला चिकटणाऱ्या निळ्या डॅपी रंगाने रंगलेली केंद्रकं आणि तिचा हिरवा रंग एकमेकांवर चपखल बसत होते. केंद्रकाच्या आत दोनतीन ठिपके जास्तच झगझगत होते. ती केंद्रिका, केंद्रकातलाच एक दाट भाग.

त्याच संध्याकाळी तिने प्रथिनाचा अमिनो आम्लांचा क्रम एका अंदाज वर्तवणाऱ्या प्रोग्रामला घातला. प्रोग्रामने मधल्या भागातल्या एका तुकड्यावर बोट ठेवलं. तिथे चार लायसिन आणि एक आर्जिनिन, म्हणजे पाच धनभारित अमिनो आम्लं, लागोपाठ होते. तिच्या गाइडनी, म्हणजे सरांनी, ते पाहिलं, आणि पुढच्या लॅब मीटिंगच्या स्लाइडवर मथळा आला: केंद्रक-प्रवेश संकेत सापडला. म्हणजे प्रथिनाला केंद्रकात न्यायला सांगणारा अमिनो आम्लांचा छोटा तुकडा.

हा मथळा चुकीचा होता हे कळायला सात महिने लागले. पण तो कुणालाही सुचला असता, कारण पाठ्यपुस्तकातली गोष्ट अशीच सांगितलेली असते. प्रथिनं बनतात पेशीद्रव्यात. केंद्रकाभोवती दुहेरी पटल असतं आणि त्यात छिद्रसंकुलं असतात. एकेक संकुल सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांचं, आठ पाकळ्यांच्या घडणीचं. छिद्राच्या पोकळीत फेनिलअ‍ॅलनिन आणि ग्लायसिन यांच्या जोड्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या लवचिक साखळ्यांचा गुंता असतो. लहान प्रथिनं त्यातून आपसूक पाझरतात. साधारण ४० किलोडाल्टनच्या पुढे हे पाझरणं मंदावत जातं आणि मोठ्या प्रथिनांना वाहक लागतो. हे वाहक म्हणजे इम्पोर्टिन नावाची प्रथिनं. इम्पोर्टिन अल्फा मालावरचा, म्हणजे न्यायच्या प्रथिनावरचा, संकेत ओळखतं, इम्पोर्टिन बीटा अल्फाला धरतं आणि सगळ्यांना घेऊन छिद्रातल्या गुंत्यातून पार होतं. आत रॅन नावाचं छोटं प्रथिन जीटीपी (ऊर्जा साठवणारा एक छोटा रेणू) घेऊन तयार असतं. ते बीटाला चिकटलं की माल सुटतो. रॅनला जीटीपी भरवणारं आरसीसी१ गुणसूत्रांना चिकटून केंद्रकातच राहतं आणि तो जीटीपी खर्च करायला लावणारं प्रथिन बाहेर पेशीद्रव्यात. म्हणून रॅन-जीटीपी आत भरपूर आणि बाहेर जवळजवळ नाही. आत कोणतं आणि बाहेर कोणतं, हे वाहकाला या फरकावरूनच कळतं.

संकेताचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण एसव्ही ४० विषाणूच्या लार्ज टी प्रतिजनातलं, १२६ ते १३२ क्रमांकांची सात अमिनो आम्लं: प्रोलिन, तीन लायसिन, आर्जिनिन, लायसिन, व्हॅलिन. त्यांचा उल्लेख आला की पाठोपाठ पिनकोडची उपमा येतेच. शाळेतल्या मुलांना समजावायला ती बरी आहे. या प्रकरणात मात्र निम्मा घोळ तिनेच घातला, कारण पिनकोड म्हटलं की माणूस आकडे वाचायला लागतो आणि तो वाचणारा हात कसा आहे ते विसरतो.

अडचण

संकेत सापडला म्हटल्यावर पुढची पायरी ठरलेली: तो मोडायचा आणि प्रथिन बाहेर राहतं का ते पाहायचं. तिने पाचही अमिनो आम्लांच्या जागी अ‍ॅलनिन बसवलं, क्रमवाचन करून घेतलं, ट्रान्सफेक्शन केलं. प्रथिन केंद्रकातच.

पहिल्यांदा तिला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. दुसऱ्यांदा प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं कडं) नव्याने बनवलं. तिसऱ्यांदा ती रात्री आठला माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच बघा. मला आता हिरवं दिसलं की भीती वाटते." मी पाहिलं. मूळ प्रथिन आणि बदललेलं प्रथिन, दोन्हींत केंद्रकं भरलेली. फरक एकच: बदललेल्यात केंद्रिकेचे ते झगझगीत ठिपके फिके पडले होते. तो फरक तिच्याही वहीत समासात पेन्सिलने लिहिलेला होता, पुढे प्रश्नचिन्ह. पण प्रश्न केंद्रकाचा होता, केंद्रिकेचा नव्हता, म्हणून तिकडे कोणी वळलं नाही.

एव्हाना पेपरचा मसुदा निम्म्याच्या वर लिहून झाला होता. पहिली आकृती, जिच्यावर बाकीचं सगळं उभं, ती याच संकेताची.

समोर असलेले पर्याय

सरांच्या खोलीत चर्चा झाली तेव्हा मीही होते. तीन वाटा मांडल्या गेल्या.

पहिली सरांची: हा 'अनभिजात' संकेत असेल. इम्पोर्टिन अल्फाला वगळून थेट बीटा किंवा त्याच्या भावंडांना चिकटणारे संकेत असतात, हे खरंच आहे. बीटा कुळात माणसात वीसेक प्रथिनं आहेत. त्यातलं ट्रान्सपोर्टिन वेगळ्याच धाटणीचे, शेवटी प्रोलिन-टायरोसिनची जोडी असलेले संकेत ओळखतं. तेव्हा मसुद्यात एक शब्द बदलायचा आणि पुढे जायचं. मोह मोठा होता. पण 'अनभिजात' हा शब्द तेव्हा आमच्या अज्ञानावर घातलेली चादर होता. आपल्याला सापडलेला संकेत चालत नाही, एवढ्यावरून दुसरा कोणता तरी चालतो हे सिद्ध होत नाही.

दुसरी तिची स्वतःची: प्रथिन दोन्ही टोकांकडून थोडंथोडं कापत न्यायचं आणि कुठल्या तुकड्यावर ते बाहेर पडतं ते पाहायचं. मेहनतीची, पण प्रामाणिक वाट. खोट एवढीच की प्रथिन कापत गेलं की ते आणखी लहान होत जातं, आणि लहान प्रथिनाला संकेताची गरजच उरत नाही.

माझी तिसरी, आणि ती ऐकायला कुणालाच आवडली नाही: हे प्रथिन केंद्रकात नेलं जातंय हे आधी सिद्ध करा. २० अधिक जीएफपीचे २७ म्हणजे ४७ किलोडाल्टन. हा आकार अगदी उंबरठ्यावरचा. एवढं प्रथिन हळूहळू पाझरून आत जाऊ शकतं, आणि आत गेल्यावर आरएनएला चिकटलं की तिथेच साचतं. सूक्ष्मदर्शकाला फक्त साचलेलं दिसतं. ते वाहकाने नेलं, आपणहून पाझरलं की दुसऱ्या एखाद्या प्रथिनाच्या पाठीवर बसून गेलं, हे चित्रावरून कळत नाही.

हा प्रश्न नवा नाही. १९८२ मध्ये डिंगवॉल, शार्निक आणि लास्की यांनी बेडकाच्या अंडपेशींत नेमका हाच गुंता सोडवला होता. न्यूक्लिओप्लाझमिन हे प्रथिन पाच एकसारख्या घटकांचं आणि प्रत्येकाला एक शेपूट. शेपट्या कापलेला गाभा पेशीद्रव्यात टोचला तर तो तिथेच राहिला; केंद्रकात टोचला तर केंद्रकात राहिला. म्हणजे शेपूट नसलेला गाभा आतून निसटत नव्हता, त्याला आत शिरताच येत नव्हतं. पाचांपैकी एकच शेपूट शिल्लक ठेवली तरी सगळा गाभा आत जायचा. प्रवेश वेगळा, मुक्काम वेगळा, हे त्या प्रयोगाने चाळीस वर्षांपूर्वी दाखवलेलं. आम्ही तो जर्नल क्लबमध्ये वाचला होता आणि टाळ्याही वाजवल्या होत्या.

सर म्हणाले, "दोन आठवडे देतो. नाही निघालं काही तर पहिली वाट."

पहिला निर्णय: आधी ब्लॉट

दोन आठवड्यांत काय होऊ शकतं? नवीन कन्स्ट्रक्ट, म्हणजे नवं जोड-जनुक, नाही. मग सर्वात स्वस्त गोष्ट आधी केली. तिच्या पेशींचा अर्क जेलवर चालवून प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी केली आणि जीएफपीच्या प्रतिपिंडाने ब्लॉट केला, म्हणजे जीएफपी असलेली प्रथिनं तेवढी पट्ट्यांच्या रूपात दिसतात. ४७ च्या आसपास जाड पट्टा, आणि २७ च्या जवळ एक बारीक, पण नाकारता न येणारा पट्टा. पेशीत काही प्रथिनं तुटत होती आणि सुटं जीएफपी मोकळं फिरत होतं. सुटं जीएफपी केंद्रकात आणि पेशीद्रव्यात दोन्हीकडे पसरतं. साध्या सूक्ष्मदर्शकात केंद्रक पेशीचा जाड भाग असल्यामुळे ते तिथे उलट जास्तच उजळ वाटतं.

यावरून सगळं चित्र खोटं ठरलं नाही, कारण जाड पट्टा अखंड प्रथिनाचाच होता. पण ट्रान्सफेक्शननंतर ४८ तास थांबायची तिची सवय होती, ती मोडली. १८ तासांवर सुटा पट्टा जवळजवळ दिसेनासा झाला. त्यापुढची सगळी चित्रं १८ तासांवर आणि जिवंत पेशींत घेतली, म्हणजे पेशी स्थिर करताना काही इकडचं तिकडे झालं का ही शंकाही मिटली. प्रथिन तरीही केंद्रकातच होतं.

ब्लॉटचं चित्र पाहून सरांनी दोन आठवड्यांची अट आपणहून सैल केली. हे मला अपेक्षित नव्हतं.

दुसरा निर्णय: पाठीवर ओझं

आता असं काहीतरी हवं होतं जे पाझरूच शकणार नाही. दोन पर्याय होते: जीएफपीच्या तीन प्रती एकामागे एक जोडायच्या, किंवा पायरुवेट कायनेज. तीन प्रतींचं प्लाझ्मिड जिवाणूंमध्ये वाढवताना सारख्या क्रमांची आपापसात अदलाबदल होऊन प्रती गळण्याचा धोका असतो. पायरुवेट कायनेज हे पेशीद्रव्यात राहणारं एन्झाइम. एक घटक ५८ किलोडाल्टनचा आणि असे चार मिळून एक रेणू. म्हणजे २०० किलोडाल्टनच्या पुढे. छिद्रातून आपसूक जाण्याची सोयच नाही. १९८४ मध्ये कॅल्डेरॉन आणि सहकाऱ्यांनी एसव्ही ४० चे ते सात अमिनो आम्लांचे संकेत पुरेसे आहेत हे दाखवायला हेच एन्झाइम वापरलं होतं. तुकडा जोडल्यावर एन्झाइम केंद्रकात गेलं. आणि १२८ क्रमांकाचा एकच लायसिन बदलला की लार्ज टी बाहेर राहू लागलं. एका मित्राच्या फ्रीझरमध्ये पायरुवेट कायनेज-जीएफपीचं प्लाझ्मिड होतं, ते मागवलं.

या टप्प्यावर तिने केलेली एक गोष्ट मला फार आवडली. तिने आधी तक्ता काढला. एका बाजूला 'हा तुकडा नसला तर चालतं का', दुसऱ्या बाजूला 'हा तुकडा एकटाच असला तर चालतं का'. गरज आणि पुरेसेपणा. आतापर्यंत फक्त पहिला प्रश्न विचारला गेला होता, तोही चुकीच्या आकाराच्या प्रथिनावर.

निकाल एका दुपारी आला. एसव्ही ४० चा संकेत जोडलेलं पायरुवेट कायनेज केंद्रकात, म्हणजे पद्धत चालते. नुसतं पायरुवेट कायनेज बाहेर, केंद्रकाच्या जागी काळं भोक. तिचं अख्खं प्रथिन जोडलेलं: आत. म्हणजे खरोखर नेलं जात होतं. पाझरण्याचा माझा संशय खोटा ठरला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. आणि चौथी स्लाइड: प्रोग्रामने दाखवलेला मधला तुकडा एकटा जोडलेला. काळं भोक.

चार लायसिन आणि एक आर्जिनिन, ओळीने, आणि पेशीला त्यांची पर्वा नव्हती.

मधला तुकडा का ओळखला गेला नाही

इथे आम्ही थांबून विचार केला हे बरं झालं. तिने प्रथिनाची भाकीत केलेली त्रिमितीय रचना उघडली. मधला तुकडा एका पक्क्या वळलेल्या सर्पिलाच्या आत होता. लायसिन बाहेर तोंड करून होते खरे, पण साखळी स्वतः गुंडाळलेली.

इम्पोर्टिन अल्फाचं काम समजून घेतलं की याचा अर्थ लागतो. १९९८ मध्ये कॉन्टी, ब्लोबेल, कुरियन आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या अल्फाची स्फटिक-रचना प्रसिद्ध केली. हे प्रथिन दहा सारख्या घड्यांचं, किंचित पिळवटलेल्या पन्हळीसारखं. पन्हळीच्या आतल्या बाजूला ट्रिप्टोफॅन आणि अ‍ॅस्पॅराजिनची ठरावीक अंतराने रांग आहे. संकेताची साखळी त्या रांगेवर ताणून, सरळ झोपते. अ‍ॅस्पॅराजिन तिच्या कण्याला धरतात आणि लायसिनच्या लांब बाजूसाखळ्या ट्रिप्टोफॅनच्या मधल्या फटींत शिरतात. त्यातली एक जागा सगळ्यात चिकित्सक: तिथल्या लायसिनला समोरचं अ‍ॅस्पार्टेट विद्युतभाराने पकडतं. एसव्ही ४० मधला १२८ क्रमांकाचा लायसिन बसतो तो इथेच.

नेफ्यात नाडी ओवताना नाडी सरळ लागते. तीच नाडी बोटाला गुंडाळून ठेवली तर कितीही चांगली असली तरी आत जात नाही. प्रोग्रामने नाडीचा रंग ओळखला होता, ती गुंडाळलेली आहे हे त्याला दिसत नव्हतं.

मग केंद्रिकेचे फिके पडलेले ठिपके आठवले. सर्पिलाच्या एका बाजूला रांगेत उभे धनभारित लायसिन, आणि केंद्रिका म्हणजे ऋणभारित आरएनएची गर्दी. तो तुकडा आत येण्यासाठी नव्हता, आत आल्यावर बसण्यासाठी असावा. समासातलं पेन्सिलचं टिपण चार महिने आमच्यासमोर होतं.

शेपटीचा शोध

आता तुकडे पाडायला हरकत नव्हती, कारण प्रत्येक तुकडा पायरुवेट कायनेजच्या पाठीवर बसणार होता. शेवटच्या पस्तीसेक अमिनो आम्लांनी एकट्यानेच एन्झाइम आत नेलं. भाकीत रचनेत ही शेपूट सैल, अव्यवस्थित दिसत होती. तिच्या सुरुवातीला लायसिन-आर्जिनिनची एक जोडी, आणि बऱ्याच अंतराने तीन लायसिन.

दुहेरी संकेताची कल्पना न्यूक्लिओप्लाझमिनच्याच शेपटीतून आलेली. तिथे दोन लहान धनभारित पुंजके मध्ये दहा अमिनो आम्लं सोडून येतात, हे १९९१ मध्ये रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. अल्फाच्या पन्हळीत दोन जागा असतात, एक मोठी आणि एक छोटी, आणि दुहेरी संकेत दोन्ही व्यापतो. त्यामुळे बऱ्याच प्रोग्रामांनी मधलं अंतर दहा-बाराचं धरलं. तिच्या प्रथिनात ते वीसच्या घरात होतं, म्हणून गुण कमी पडले आणि यादीत ते तळाला गेलं. सैल साखळी मध्ये जास्त असली तर ती बाहेर फुगवटा काढून बसू शकते. पन्हळीच्या दोन्ही टोकांना हात पोचले म्हणजे झालं.

इथे पुन्हा पाचसहा अमिनो आम्लं घाऊक बदलण्याऐवजी तिने कॅल्डेरॉन यांच्या धर्तीवर मागच्या पुंजक्यातला एकच लायसिन थ्रिओनिन केला. पायरुवेट कायनेज बहुतांश बाहेर राहिलं. पुढची जोडी बदलली तर अर्धवट: काही पेशींत आत, काहींत दोन्हीकडे. दोन्ही बदलले तर काळं भोक.

आनंद एक दिवस टिकला. तोच दुहेरी बदल तिने मूळच्या लहान, ४७ किलोडाल्टनच्या प्रथिनात घातला आणि ते पूर्ण बाहेर पडलंच नाही. दोन्हीकडे पसरलं, केंद्रिकेत थोडं जास्तच. ती म्हणाली, "परत तेच." मी म्हटलं, "परत तेच नाही, हेच व्हायला हवं होतं." वाहक नसला तरी उंबरठ्यावरच्या आकाराचं प्रथिन पाझरणारच, आणि मधला सर्पिल त्याला केंद्रिकेत पकडणारच. मग तिने शेपूट आणि सर्पिल दोन्ही बिघडवलेलं चौथं प्रथिन बनवलं. ते दोन्हीकडे सारखं पसरलं, ठिपक्यांशिवाय. पेपरमधली सगळ्यात साधी आणि माझ्या मते सगळ्यात चांगली आकृती तीच.

हात कोणाचा

शेवटचा प्रश्न: शेपटीला खरोखर इम्पोर्टिन अल्फाच पकडतं का, की शेपूट दुसऱ्या प्रथिनाला चिकटते आणि ते प्रथिन वाहकाला? तिने जिवाणूंत अल्फा बनवलं, मण्यांवर बांधलं, त्यावरून शुद्ध केलेली शेपूट-जीएफपी सोडली. मण्यांवर काहीच राहिलं नाही.

पुन्हा एकदा सरांचा 'अनभिजात' शब्द टेबलावर आला. या वेळी तो दोन दिवसांत उतरला, कारण चूक अल्फाच्या स्वभावात होती. अल्फाच्या सुरुवातीला बीटाला धरणारा एक भाग असतो, आणि त्यात स्वतःच संकेतासारखा एक तुकडा असतो. बीटा जवळ नसेल तर तो तुकडा अल्फाच्या स्वतःच्याच पन्हळीत वळून बसतो आणि जागा अडवतो. बीटा आलं की तो तिकडे ओढला जातो आणि पन्हळ मोकळी होते. यात पेशीची सोय आहे: बीटाशिवाय अल्फा माल उचलतच नाही, आणि आत रॅन-जीटीपीने बीटाला ओढून घेतलं की तोच तुकडा परत येऊन मालाला बाहेर ढकलायला मदत करतो. आमच्या नळीत बीटा नव्हतं. सुरुवातीचा भाग कापलेलं अल्फा घेतलं तेव्हा शेपूट घट्ट चिकटली, आणि एक लायसिन बदललेली शेपूट चिकटली नाही. नळीत तिसरं प्रथिन नसल्यामुळे दुसऱ्याच्या पाठीवर बसून जाण्याची शक्यताही बाजूला पडली.

यावर शिक्कामोर्तब म्हणून डिजिटोनिनचा प्रयोग केला, जो १९९० मध्ये अ‍ॅडम, मार आणि गेरेस यांनी मांडला. डिजिटोनिन कोलेस्टेरॉल भरपूर असलेल्या बाहेरच्या पटलाला भोकं पाडतं, केंद्रकाचं पटल मात्र शाबूत राहतं. पेशीद्रव्य धुऊन निघतं आणि मग आपण जे घालू त्यावरच वाहतूक चालते. शेपटीला माल्टोज-बंधक प्रथिन आणि जीएफपी जोडून माल ७० किलोडाल्टनच्या वर नेला. अल्फा, बीटा, रॅन आणि ऊर्जा दिली तर केंद्रकं उजळली; बीटा वगळलं तर नाही; जीटीपी खर्चच करू न शकणारं बदललेलं रॅन घातलं तर नाही. ही तयारी करताना तिचे दीड महिने गेले आणि आकृतीत त्याला एक कोपरा मिळाला. ते मला आजही थोडं अन्यायाचं वाटतं.

निष्पत्ती

पहिली आकृती पूर्ण बदलली. मथळ्यातला 'संकेत सापडला' गेला आणि त्या जागी प्रवेश व मुक्काम यांचे दोन वेगळे भाग आले. एका परीक्षकाने विचारलं की माणसात इम्पोर्टिन अल्फाचे सात प्रकार आहेत, तर तुमची शेपूट त्यातल्या कोणाला पसंत करते? उत्तर नव्हतं. सातही प्रकार बनवण्याएवढा तिच्या फेलोशिपचा कालावधी उरला नव्हता. संपादकांनी तो प्रश्न चर्चेच्या भागात उघडा ठेवायला परवानगी दिली. प्रबंधातही तो तसाच उघडा आहे.

आज करायचं झालं तर

ब्लॉट पहिल्या आठवड्यात, सूक्ष्मदर्शकाच्या आधी. हे इतकं उघड आहे की कोणी करत नाही.

पायरुवेट कायनेज पहिल्या महिन्यात. जीएफपी एकटं जोडून केंद्रकातली वाहतूक मोजायला निघणं हा आमच्या पिढीचा आळस आहे; जीएफपी हाताशी असतं, चमकतं, आणि छिद्रातून शांतपणे जातंसुद्धा.

प्रोग्रामचं उत्तर रचनेशेजारी ठेवून वाचायचं. तुकडा सैल भागात आहे का? नसेल तर कितीही लायसिन असोत, संशय धरायचा. ही तपासणी दहा मिनिटांची होती.

घाऊक अ‍ॅलनिन बसवण्याबद्दल माझं आणि सरांचं अजून एकमत नाही. ते म्हणतात, एकदा सगळं मोडून पाहावं, मग बारीक काम करावं. माझं म्हणणं, पाच धनभार एका फटक्यात काढले की प्रवेशाबरोबर आरएनएची पकडही जाते, आणि मग चित्र बदललं तरी कशाने बदललं ते कळत नाही. या प्रकरणात तर नेमकं तेच झालं, फक्त उलट बाजूने. सर यावर हसतात आणि विषय बदलतात.

आणि वहीच्या समासातली पेन्सिल. आता माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला मी चित्र घेण्याआधी विचारते, "अपेक्षा नव्हती असं काय दिसतंय?" त्यातले बहुतेक म्हणतात काही नाही. मागच्या महिन्यात एकाने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे ठिपके धरायचे का?" मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि लेसर कमी केला.